धुरपाचा पालथा हात

एकदा काय झालं, धुकं डोंगरावरून खाली उतरलं आणि परत जायचं विसरलं.

थांबा, आधी पाय आत घ्या. छबे, गोधडी ओढ तिकडून. गोटू, तू हुंकार द्यायचास. हुंकार नाही दिला तर गोष्ट अडून बसते, बरं का.

आणि राजा कुठाय म्हणून विचारू नका. राजा होता, पण लांब होता. त्याच्या ताटात घेवड्याची भाजी यायची, आणि ती कुठल्या वेलावरून आली हे त्याच्या बापजन्मी त्याला ठाऊक नव्हतं. आपल्याला त्याच्याशी काय करायचंय? आपली गोष्ट धुरपाची.

डोंगराच्या पायथ्याला वेलवाडी नावाचं गाव होतं. जमीन खडकाळ, भाताला नालायक. तिथं पिकायचा घेवडा आणि पिकायची चवळी. दारात घेवड्याचे मांडव, मागे चवळीचे वाफे. घेवडा बाजारात जायचा, चवळी घरात राहायची. सकाळी चवळीची उसळ, संध्याकाळी चवळीची आमटी, आणि कंटाळा आला की पुन्हा उसळ. हवा तिथली मोठी दमट. घाम अंगावर वाळायचा नाही, मीठ बरणीत पाझरायचं, आणि रोज सकाळी पानापानावर दहिवर पडायचं. दहिवर म्हणजे दव, गोटू. ते मोत्यांसारखे थेंब असतात ना गवतावर, तेच.

त्या गावात एक नेम होता. ओल्या वेलाला हात लावायचा नाही.

का? तर पानावर दहिवराची म्हातारी बसलेली असते. रातभर चालून चालून तिचे पाय दुखतात, म्हणून ती पानावर टेकते. ऊन वर आलं की आपली आपण उठून जाते. पण ती बसलेली असताना कुणी वेलाला हात लावला, तर ती दचकते आणि तो हातच धरते. मग तुम्ही ज्या वेलाला हात लावाल तिथं ती तुमच्याबरोबर येते. आणि जिथं तिला असं फरफटत नेलं, तिथं तांबेरा पडतो. पानावर तांबडे ठिपके, शेंगेवर काळे डाग, आणि मग वेल मान टाकतो. खोटं वाटतं? उद्या आपल्या परसातल्या वेलाला सकाळी सकाळी हात लावून बघा, मग मी तुमच्याकडे बघते.

म्हणून वेलवाडीच्या बायका रोज सकाळी टोपल्या घेऊन बांधावर बसायच्या. पान सुकायची वाट बघायच्या. कुणी मिश्री लावायची, कुणी लेकीच्या डोक्यातल्या उवा काढायची, कुणी नुसतीच दुसरीच्या सुनेबद्दल बोलायची. मग त्यांतली एक उठायची आणि वेलाच्या पानाला पालथा हात लावायची. पालथा का? तर तळहात कामानं टणक झालेला असतो, त्याला ओलं-सुकं कळत नाही. हाताची मागची बाजू मऊ राहते, ती खरं सांगते. पान ओलं असलं की ती म्हणायची, "बसा." सुकं असलं की म्हणायची, "उठा." त्या हाताशी कुणी वाद घालत नसे.

हा मान आधी धुरपाच्या सासूचा होता. सासू मरायला टेकली तेव्हा तिनं धुरपाला जवळ बोलावलं. तिचा हात आपल्या हातात घेतला, पालथा केला, त्याच्यावरून अंगठा फिरवला. म्हणाली, "धुरपे, पोटाला विचारून सांगू नकोस. पानाला विचारून सांग." एवढं बोलली आणि गेली.

धुरपाचा नवरा त्याआधीच तापानं गेलेला. आता घरात तिघंच उरली. धुरपा, तिची सहा वर्षांची लेक रंगू, आणि आंधळे सासरे. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, धुरपा मामंजी म्हणायची. आबांना दिसत नव्हतं, पण शेंग हातात घेतली की ती कुठल्या वेलाची, किती दिवसांची, सगळं सांगायचे. कोवळी शेंग मिळाली की कच्चीच कचाकचा खायचे. दात होते म्हाताऱ्याला.

हं, तर मग त्या वर्षी धुकं उतरलं. पाऊस नाही, ऊन नाही. वारा नाही. नुसतं कुंद. सकाळ झाली कधी आणि दुपार झाली कधी, काही कळेना. बायका बांधावर येऊन बसल्या. धुरपानं पानाला हात लावला. ओलं. म्हणाली, "बसा."

दुपार झाली. पान ओलं. संध्याकाळ झाली. पान ओलंच. बायका रिकाम्या टोपल्या घेऊन घरी गेल्या.

पहिले तीन दिवस त्यांनी हसून काढले. पुढचे तीन दिवस गप्प बसून काढले. त्यापुढचे तीन दिवस भांडून काढायला घेतले. कारण वेलाचं असं असतं, बरं का. शेंग खुडली की त्याला वाटतं, हिला अजून हवंय, अजून द्यावं. शेंग खुडलीच नाही, ती तिथंच निबर झाली, की त्याला वाटतं, झालं आपलं काम. मग तो फुलायचा थांबतो. रोजच्या वाट बघण्यानं एकेक फूल कमी होत होतं, आणि सगळ्यांना ते डोळ्यांसमोर दिसत होतं. घरातल्या चवळीच्या मडक्यांचा तळ लागला होता तो वेगळाच.

धुरपाच्या शेजारी ठमाकाकू राहायची. अंगानं आडवी, जिभेनं तिखट. ती म्हणाली, "धुरपे, तुझा हात बरा आहे ना गं? का थंडीनं मेलाय?"

धुरपा म्हणाली, "तू लाव की तुझा."

ठमाकाकूनं तोंड वाकडं केलं, पण हात काही लावला नाही. हे लक्षात ठेवा.

मग नववा दिवस आला. रंगू रोज सकाळी उठली की म्हणायची, "आई, भूक." त्या दिवशी काहीच म्हणाली नाही. धुरपानं वळून पाहिलं, तर पोर भिंतीकडे तोंड करून पडली होती. नखानं भिंतीची माती काढत होती आणि बोट चाटत होती.

धुरपा तशीच उठली आणि बांधावर आली. सगळ्या बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या. तिनं पानाला पालथा हात लावला. पान ओलं होतं. थोडंथोडकं नाही, चिंब ओलं. पाणी तिच्या हातावरून घरंगळलं आणि मनगटाशी येऊन थांबलं.

धुरपा म्हणाली, "उठा."

झालं. बायका उठल्या. एरवी उठताना केवढा कलकलाट असायचा, त्या दिवशी कुणी चकार शब्द काढला नाही. वेलांत शिरल्या, एका हातानं वेल धरला, दुसऱ्यानं शेंग खुडली, टोपल्या भरल्या. टोपल्या पुरेनात तेव्हा ओच्यात भरल्या. त्या दिवशी गावात प्रत्येक चूल पेटली. रंगू दोनदा जेवली आणि ताटावरच डुलायला लागली.

आबांच्या हातात धुरपानं कोवळी शेंग ठेवली. आबांनी ती बोटांनी चाचपली. म्हणाले, "गार लागते गं शेंग."

धुरपा म्हणाली, "सावलीतली आहे, मामंजी."

आबांनी ती हातात पुन्हा एकदा फिरवली. शेंग खाल्ली. मग भाजी वाढली ती खाल्ली, आणि म्हणाले, "अजून आहे?"

गोटू, हुंकार. हां.

मग दुसऱ्या दिवशी काय झालं? काही नाही झालं. धुरपाला वाटलं, सुटलो. आपलं असंच असतं. खोट्याला एक दिवस मिळतो, आणि तेवढ्यात माणूस खुश होतं. तिसऱ्या दिवशी पानांवर तांबडे ठिपके दिसले. पाचव्या दिवशी शेंगांना काळे खड्डे पडले. आठव्या दिवशी सगळ्या गावात नुसत्या काठ्या उभ्या राहिल्या आणि काठ्यांना सुतळीसारखे वेल लोंबत होते. बियाण्यासाठी म्हणून ज्या शेंगांना चिंध्या बांधून ठेवल्या होत्या, त्याही चिंधीसकट कुजल्या.

तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण म्हातारीनं हात धरला होता ना? ती हाताबरोबर घरात आली. अंथरुणं ओली झाली. चुलीतली लाकडं नुसती धुमसायला लागली. जुनं बियाणं राख चोळून, सुक्या भोपळ्याच्या तुंब्यात घालून चुलीवर टांगलेलं होतं. त्या तुंब्यात हात घातला तर आत कोंब फुटून सगळा लगदा झालेला. आता गावात पेरायला एक दाणा उरला नाही. चवळीचा नाही, घेवड्याचा नाही.

आणि धुरपाचा उजवा हात गार पडला. पांढरा, सुरकुतलेला, फार वेळ पाण्यात राहिल्यावर होतो तसा. शेकला तरी गरम होईना. तिनं तो पदराखाली लपवला. एकदा विसरून रंगूच्या कपाळावर ठेवला, तर रंगू म्हणाली, "आई, हा नको. तो दुसरा ठेव."

गावानं आभाळाला शिव्या दिल्या. धुक्याला दिल्या. बयो नावाची एक होती, तिनं डोंगरालासुद्धा दिल्या. धुरपाला मात्र कुणी काही म्हटलं नाही. कुणी बोललं असतं तर तिला बरं वाटलं असतं. लोक रानातले कंद उकरायला लागले, टाकळ्याचा पाला उकडून खायला लागले. रंगूच्या हातापायांच्या काड्या झाल्या. धुरपा रोज तिच्याकडे बघायची आणि मनात म्हणायची, हिच्यासाठी केलं आणि हिलाच मारतेय मी.

मग एक दिवस आबा म्हणाले, "धुरपे, दहिवराची म्हातारी डोंगरावर काळ्या कातळापाशी राहते. हाताला लागून जे गेलं ते सगळं तिच्याकडे जातं. तिच्याकडे बियाणं माग. पण एक सांगतो. तिला पोकळ शेंग चालत नाही, आणि पोकळ शब्दही नाही."

धुरपा निघाली. धुक्यातून चढत चढत काळ्या कातळापाशी आली. तिथं म्हातारी पाय पसरून बसली होती. केस मोकळे, आणि केसाकेसाला थेंब. तिच्या मागे गावातले सगळे वेल टांगलेले होते. हिरवे नाहीत, राखाडी. धुरपानं आपल्या दारातला वेल ओळखला.

म्हातारी म्हणाली, "काय हवंय?"

"बियाणं."

"देते. पान कसं होतं गं त्या दिवशी?"

धुरपानं गार हात पदराखाली ओढून घेतला. म्हणाली, "सुकं होतं."

म्हातारीनं तिला एक दाणा दिला. केवढा टपोरा, वर लाल नक्षी! धुरपानं पदराला गाठ मारली आणि धावत खाली आली. बांधावर येऊन गाठ सोडली, तर पदर ओला आणि गाठ रिकामी. दाण्याचं पाणी झालं होतं.

दुसऱ्यांदा गेली. म्हातारीनं पुन्हा तेच विचारलं, "पान कसं होतं गं?"

धुरपा वाटेत विचार करून आली होती. म्हणाली, "मला कळलंच नाही. हात बधिर झाला होता. धुकंही किती होतं."

आता हे काही अगदीच खोटं नाही. धुकं होतंच की. म्हातारीनं दाणा दिला. हा खालपर्यंत टिकला. धुरपानं राख घालून, माती भुसभुशीत करून तो लावला. रंगू त्याच्याशेजारी बसून राहिली. रोज विचारायची, "आला का?" तीन दिवसांनी धुरपानं माती उकरली. दाणा फुगला होता आणि आतून सडला होता. वास आला. रंगूनं मग विचारायचं सोडलं.

आणि त्याच आठवड्यात आबांनी अंथरूण धरलं. खायला काही नव्हतं, म्हातारा माणूस, किती ओढणार? भर दुपारी त्यांनी धुरपाला हाक मारली. म्हणाले, "धुरपे, त्या दिवशी शेंग गार होती. मला कळलं होतं. तरी मी खाल्ली. अजून आहे का म्हणून विचारलं."

"मामंजी, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? मी दिली म्हणून तुम्ही खाल्ली."

"तू दिलीस. खाल्ली मी," आबा म्हणाले. मग त्यांनी तिचा तो गार हात शोधला, दोन्ही हातांत धरला, आणि तसेच गेले.

बायका आल्या. रडल्या. रीतच आहे ती, जवळ घेऊन रडायची, पाठीवरून हात फिरवायचा. पण त्या दिवशी कुणी धुरपाच्या पाठीवरून हात फिरवला नाही. सगळ्या पदराखाली हात घेऊन उभ्या राहिल्या. धुरपाला वाटलं, यांना कळलं. यांनी मला टाकलं. ती फार रडली. मी सांगते, त्या दिवशी ती आबांसाठी रडली, रंगूसाठी रडली, आणि स्वतःचीही तिला कीव आली. ती येतेच. त्यात काही पाप नाही.

तिसऱ्यांदा ती डोंगरावर गेली तेव्हा तिनं वाटेत काहीच ठरवलं नाही.

म्हातारी म्हणाली, "पान कसं होतं गं?"

धुरपा म्हणाली, "ओलं होतं. पाणी माझ्या मनगटापर्यंत आलं. मला ठाऊक होतं. माझी पोर भिंत चाटत होती. मी पोटाला विचारलं, पानाला विचारलं नाही."

म्हातारीनं पसरलेले पाय जवळ ओढले. तिच्या केसांतले थेंब टपटप पडत राहिले. मग म्हणाली, "नऊ दिवस माझे पाय ठणकत होते, म्हणून बसून राहिले. दहाव्या दिवशी मी उठणारच होते. त्या दिवशी ऊन पडायचं होतं."

धुरपा मटकन खाली बसली. एक दिवस. एकच दिवस राहिला होता. आबा गेले, वेल गेले, बियाणं गेलं, आणि एक दिवस राहिला होता. ती कातळावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. म्हातारीनं तिला समजावलं नाही. दहिवराला कुठं समजूत घालता येते? ती नुसती शेजारी बसली.

मग तिनं धुरपाला एक शेंग दिली. लहानशी, वाळकी, सुरकुतलेली. हलवली तर आत खुळ्ळ वाजली. एकच दाणा होता.

धुरपा म्हणाली, "एकच? गाव आहे माझ्यामागे."

"एका खऱ्याला एक. गावाचं मी तुझ्या ओच्यात कसं घालू?"

"पण त्यांनी काय केलंय? उठा तर मी म्हणाले."

"हो का?" म्हातारी म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

धुरपा खाली आली. आता बघा हं. शेंग कमरेला खोचलेली, कुणाला माहीत नाही. गुपचूप आपल्या परसात लावली असती तर? एका दाण्याचा एक वेल, एका वेलाचे शंभर दाणे. दोन वर्षांत सगळं गाव तिच्या दारात ओटी पसरून उभं राहिलं असतं. मी असते तर काय केलं असतं? सांगता येत नाही बाई. भूक लागलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत.

पण धुरपा घरी गेलीच नाही. ती बांधावर उभी राहिली आणि तिनं हाक मारली. बायका आल्या. टोपल्या नव्हत्या कुणाकडे. जुन्या सवयीनं आपापल्या जागी बसल्या. रंगू येऊन आईच्या पायाशी बसली.

धुरपा म्हणाली, "त्या दिवशी पान ओलं होतं. मी खोटं बोलले." आणि तिनं पदरातून आपला हात बाहेर काढला. पांढरा, सुरकुतलेला. सगळ्यांसमोर धरला.

धुरपाला वाटलं, आता मला गावाबाहेर काढतील. काढू देत, पण रंगूला ठेवून घेतील का? एवढाच विचार तिच्या मनात होता.

मग ठमाकाकू उठली. अंगानं आडवी बाई, तीही आता चिपाड झाली होती. ती धुरपासमोर येऊन उभी राहिली. धुरपानं डोळे मिटले. तिला वाटलं, थोबाडीत बसते आता.

ठमाकाकूनं पदराखालचा हात काढला. पांढरा. सुरकुतलेला. गार.

म्हणाली, "तू मला म्हणालीस, तू लाव हात. मी का लावला नाही? लावला असता तर मलाच 'बसा' म्हणावं लागलं असतं. आणि शेंगा खुडताना कोपरापर्यंत भिजले मी, धुरपे. मला काय कळलं नाही होय?"

मग दुसरी उठली. तिनं हात काढला. पांढरा. मग तिसरी. मग सगळ्याच. इतके दिवस प्रत्येकीला वाटत होतं, आपलाच एक हात मेलाय. कुणी लेकराच्या डोक्यावरून हात फिरवला नव्हता, कुणी कुणाच्या पाठीवर ठेवला नव्हता. आबांच्या दारात त्या का तशा उभ्या राहिल्या, ते धुरपाला तेव्हा कळलं.

बयो तेवढी म्हणाली, "मी नाही हं. माझा मांडव सावलीत आहे. मी त्या दिवशी खुडलंच नाही." सगळ्यांनी तिच्या पदराकडे पाहिलं.

मग त्या सगळ्या डोंगर चढल्या. एकेकीनं कातळापाशी जाऊन आपापलं सांगितलं. काय सांगितलं ते दुसरीनं ऐकलं नाही. प्रत्येकीला एकेक शेंग मिळाली, कुणाला घेवड्याची, कुणाला चवळीची, आणि प्रत्येक शेंगेत एकच दाणा. बयो तीन दिवसांनी एकटीच गेली. ती काय म्हणाली ते आपल्याला ठाऊक नाही, आणि विचारूही नये. खाली आली तेव्हा तिच्याकडे शेंग होती.

बयो खाली आली त्या दिवशी दुपारी ऊन पडलं. पातळच होतं, पण सावली पडण्याइतकं होतं. रंगूनं आपल्या सावलीला पाय लावून पाहिला.

एका घरात एकच दाणा, म्हणून वेल लांब लांब लागले. मधून वाऱ्याला वाट राहिली, आणि वारा आला की पान लवकर सुकतं. आधी दाटीवाटीनं लावायचे, जास्त मिळेल म्हणून. पहिल्या मोसमात कुणी एक शेंग खाल्ली नाही. सगळ्या शेंगांना चिंध्या बांधल्या, बियाण्यासाठी. वेल लालपिवळ्या चिंध्यांनी भरून गेले, आणि माणसं त्यांच्याखाली बसून टाकळ्याचा पाला खात होती. कठीण गेलं ते. दोन म्हातारी माणसं त्या मोसमात गेली. पण चिंधीला कुणी हात लावला नाही.

दुसऱ्या मोसमात शेंगा खायच्या होत्या. त्या सकाळी धुरपा बांधावर आली. तिला पानाजवळ जायची भीती वाटत होती. तेवढ्यात मागून पावलं वाजली. सगळ्या बायका खाली उतरल्या होत्या. आपापल्या वेलाशी गेल्या, प्रत्येकीनं आपला पालथा हात आपल्या पानाला लावला.

ठमाकाकू म्हणाली, "ओलं."

दुसरी म्हणाली, "ओलं."

बयो सगळ्यांत मोठ्यांदा म्हणाली, "माझंही ओलंच!"

धुरपानं शेवटी हात लावला. म्हणाली, "ओलं. बसा."

बसल्या. रंगू म्हणाली, "आई, भूक." कितीतरी दिवसांनी म्हणाली. धुरपाला हसूही आलं आणि रडूही आलं. म्हणाली, "थांब बाळा. म्हातारीचे पाय दुखतायत." मग सगळी वाट बघत बसली. ऊन डोंगरावरून उतरलं, मांडवावर आलं, पानावर आलं. आणि मग एकेकीनं म्हटलं, "सुकं."

त्या दिवशी धुरपानं पहिली कोवळी शेंग आबांच्या जागेवर ठेवली. मग रंगूला दिली.

त्यानंतर वेलवाडीला कधी बियाणं कमी पडलं नाही. बायकांचे हात पुन्हा गरम झाले, पोरांच्या डोक्यांवरून फिरायला लागले. राजाच्या ताटात पुन्हा घेवडा आला, आणि मध्ये तो आला नव्हता हे त्याच्या लक्षातसुद्धा आलं नाही. रंगू मोठी झाली, तिचं लग्न झालं, लेकरं झाली. सगळी सुखानं राहिली.

धुरपाचा हात तेवढा गारच राहिला. ती म्हातारीकडे तक्रार करायला गेली नाही. पण आता रंगूला ताप आला, की ती म्हणायची, "आई, तो नको. गार हात ठेव." आणि धुरपा तो हात तिच्या कपाळावर ठेवून बसायची, तिला झोप लागेपर्यंत.

काय गं छबे? माझाही हात गार आहे म्हणतेस? असतो म्हातारीचा हात गार. आमच्या आईचाही होता, तिच्या आईचाही होता. त्याला काय झालं?

मीट डोळे. गोटू तर मघाच झोपला, हुंकार कधीचा बंद आहे त्याचा. सकाळी मी उठवीपर्यंत उठू नका. पान सुकलं की मीच हाक मारीन.